मोंढ्याच्या चौकातलं मॅटरहॉर्न

उदगीरच्या मोंढ्याच्या चौकात मॅटरहॉर्न उभं राहिलं, तेव्हा मी दूध घेऊन घरी निघालो होतो. दोन बांबूंवर ताणलेलं, विजेच्या खांबाला सुतळीनं आवळलेलं आणि सकाळच्या वाऱ्यात फडफडणारं. खरं मॅटरहॉर्न स्वित्झर्लंड आणि इटलीच्या सीमेवर आहे आणि ते फडफडत नाही. पण आकार तोच. चारही अंगांनी तासलेला, वर किंचित मान कललेला तो सुळका मी झोपेतही ओळखला असता.

सुळक्याच्या टोकावर आमच्या शेजाऱ्यांची मुलगी उभी होती. अंगात काळा कोट, कारण फ्लेक्सवाल्याला मिळालेला तिचा फोटो नोकरीच्या अर्जासाठी काढलेला होता. कमरेपासून खाली तिला कुणा दुसऱ्याच गिर्यारोहकाचे पाय जोडले होते. हातात तिरंगा. वर निळ्या आकाशात गोल चौकटींमधून मान्यवर मंडळी खाली बघत होती. त्यातल्या सर्वांत मोठ्या मान्यवरांचं डोकं शिखरापेक्षा बरंच उंचावर होतं आणि तिथं जायला त्यांना दोर लागला नव्हता. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं : ‘मॅटरहॉर्न शिखर सर करणारी उदगीरची वाघीण! जाहीर नागरी सत्कार.’

अडचण एवढीच होती की वाघीण अजून चढायलाच लागली नव्हती. तिची चढाई दुसऱ्या दिवशी पहाटे सुरू व्हायची होती.

दूध तसंच हातात घेऊन मी आप्पांच्या आडत दुकानात गेलो. आप्पा म्हणजे मुलीचे वडील. आमची घरं भिंतीला भिंत लागून. शेतकऱ्याचा माल मोंढ्यात आला की त्याचा लिलाव लावून द्यायचा, हा त्यांचा तीन पिढ्यांचा धंदा. गळ्यात लिंग, कपाळाला विभूती, हातात कायम मूठभर सोयाबीन. ते दाणे ते दिवसभर या तळहातावरून त्या तळहातावर घेत असतात.

“आप्पा, ती अजून चढली नाही हो.”

“चढंल की. तुमचीच शिष्या हाय.”

“मग चढल्यावर लावायचा ना बोर्ड!”

“सर, तुम्हाला धंद्यातलं कळत न्हाई. पोळा आलाय तोंडावर. फ्लेक्सवाल्याकडं निस्ती रांग लागलीय शुभेच्छांची. तो म्हनला, आज घ्या, न्हाई तर पोळा झाल्यावर. मग मी म्हनलो, लाव.” दाणे दुसऱ्या तळहातावर गेले. “आन् प्रमुख वक्ते तुम्ही. त्या डोंगराचं तुमच्याशिवाय कोन बोलणार?”

मी सत्कारांवर आयुष्यभर टीका करत आलेला माणूस आहे. शाल, श्रीफळ, फेटा, आणि कुणाला आधी कुणाला नंतर यावरून व्यासपीठावरच होणारी कुजबुज, हे सगळं मला पाठ आहे. आमच्या भागात माणूस बदलीवर आला तरी सत्कार होतो आणि बदलून गेला तरी होतो. पण प्रमुख वक्ता म्हटल्यावर मी काही बोललो नाही. घरी आलो. बायकोनं दूध हातातून घेतलं आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, “भाषण आहे वाटतं.”

भाषण होतंच, आणि ते चाळीस वर्षं तयार होतं. श्रोते तेवढे मिळत नव्हते.

आमचा मुलूख सपाट. काळ्या रानात उभं राहिलं तर नजर जाऊन जाऊन आभाळालाच लागते. मी स्वतः उदगीरच्या किल्ल्याच्या बुरुजापेक्षा उंच कशावर चढलेलो नाही, आणि तिथंही मधे एकदा बसतो. मॅटरहॉर्न मला भेटलं नांदेडला. नवी नोकरी होती, इंग्रजी शिकवत होतो, संध्याकाळी करायला काही नव्हतं. जुन्या पुस्तकांच्या गाड्यावर, गाईडांच्या ढिगाखाली, पुठ्ठा निघालेलं एक इंग्रजी पुस्तक सापडलं. पर्वतांच्या पहिल्या चढायांबद्दल होतं. गाडेवाल्यानं ते भूगोलाचं म्हणून विकलं. मी रात्र संपेपर्यंत वाचलं आणि तेव्हापासून मिळेल ते वाचत आलो. कुणी मला विचारायचं, “सर, डोंगर चढता का?” मी म्हणायचो, “नाही, वाचतो.” यात मला कधी कमीपणा वाटला नाही. क्रिकेटबद्दल बोलणाऱ्या किती जणांना बॅट धरता येते?

त्या डोंगराची गोष्ट थोडक्यात सांगतो, कारण पुढं ती लागणार आहे. आल्प्समधली एकेक शिखरं माणसांनी चढून संपवली, तरी हे उरलं होतं. पायथ्याच्या गावांतले लोक म्हणायचे, वर एक पडकं शहर आहे आणि त्यात भुतं राहतात. बाहेरून साहेब लोक यायचे आणि गावातले वाटाडे त्यांना वर न्यायचे. बर्फात पायऱ्या वाटाड्यांनी खोदायच्या आणि नाव साहेबांचं लागायचं. आपल्याकडची उद्घाटनं पाहिलेल्या माणसाला यात नवल वाटू नये.

इटलीच्या बाजूला एक वाटाड्या होता. जुना सैनिक, शिकारी, स्वभावानं तिरसट. हा डोंगर आमच्या दरीचा आहे, तो आमच्या बाजूनंच चढला गेला पाहिजे, असं त्याचं म्हणणं. वर्षानुवर्षं तो प्रयत्न करत होता. अखेर १८६५ सालच्या जुलैत तो इटलीकडून निघाला आणि त्याच वेळी स्वित्झर्लंडकडून सात जणांची दुसरी तुकडी निघाली. तिचा पुढारी एक तरुण इंग्रज. त्याची तुकडी आधी पोचली. वरून त्यांनी खाली पाहिलं, तर इटलीच्या धारेवर माणसं ठिपक्यांएवढी दिसत होती. ते ओरडले. तेवढ्यानं भागेना, म्हणून दगड लोटले. आपण जिंकलो हे समोरच्याला कळल्याशिवाय जिंकण्यात मजा नसते, हे जगभर सारखंच. इटलीचा वाटाड्या माघारी फिरला.

आणि मग उतरताना, वरच्या सातांपैकी सगळ्यांत नवख्या तरुणाचा पाय घसरला. त्याच्या धक्क्यानं पुढचा गेला, दोराच्या ओढीनं मागचे दोघे गेले. मधला दोर तुटला. चार गेले, तीन उरले. तुटलेला दोर बरोबर आणलेल्या दोरांपैकी सगळ्यांत कच्चा होता. तो तिथं का बांधला, याचं उत्तर चौकशी होऊनही नीट मिळालं नाही.

आप्पांची लेक शाळेत असताना माझ्याकडे इंग्रजीला यायची. बाकीच्या मुली धडा संपला की, परीक्षेत काय येईल, ते विचारायच्या. हिला एकदा मी ही गोष्ट सांगितली आणि हिनं विचारलं, “सर, दोर कोणी निवडला होता?” दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न. आठवड्यानं परत तोच. पुढं ती अकरावी-बारावीला लातूरला गेली. तिथं भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलांचे फोटो असतात. दुसरा कोण आला होता, हे त्याच्या आईलाच माहीत असतं. त्यातून ती पार पडली, इंजिनिअर झाली, जर्मनीत नोकरीला लागली. तिथून डोंगर जवळ. शनिवार-रविवार ती कडे चढायला शिकली आणि दरवर्षी मला फोटो पाठवू लागली. एका वर्षी मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या गावातल्या संग्रहालयातून तिनं काचेमागं ठेवलेल्या तुटक्या दोराचा फोटो पाठवला. खाली लिहिलं होतं, “सर, सुतळीसारखाच आहे.”

तर बोर्ड लागला, दुसरा दिवस गेला, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी आप्पांना तिचा निरोप आला : ‘मी सुखरूप आहे. पोळ्याला येते, तेव्हा सगळं सांगते.’ आप्पांनी मोंढ्यात पेढे वाटले. मी पेढा तोंडात टाकतोय, तोच माझा फोन वाजला.

“सर, बोर्ड लागलाय म्हणे. मला फोटो आला.”

“लागलाय. पाय तुझे नाहीत.”

ती हसली नाही. “सर, मी वर पोचले नाही.”

मी घरात आलो, दार लावलं आणि म्हणालो, “सांग.”

तिनं सांगितलं. धारेवर बऱ्याच उंचीवर एक लाकडी खोपी आहे, वादळात अडकलेल्यांसाठी. आपल्या मोंढ्यातल्या चहाच्या टपरीएवढी. तिथं पोचायला तिला उशीर झाला. पुढं माणसांची गर्दी होती आणि तिची स्वतःची चालही मनासारखी पडत नव्हती. इटलीकडून ढग चढत होता. तिच्या गाईडनं घड्याळ बघितलं, ढगाकडे बघितलं आणि दोर उतरणीच्या दिशेनं फिरवला.

“शिखर दिसत होतं?”

“दिसत होतं ना. तेच तर.”

“भांडलीस?”

“भांडले. जर्मनमध्ये, इंग्रजीत, मग मराठीत. तो खोपीच्या पायरीवर बसून सफरचंद खात राहिला.” मग म्हणाली, “सर, मला वर जाता आलं असतं. खाली येता आलं असतं की नाही, ते मला अजून सांगता येत नाही.”

ती पुढं म्हणाली, “सत्काराची ती शाल मी घेणार नाही. जे केलं नाही त्याची शाल अंगावर घेऊन मी परत त्या डोंगरावर कोणत्या तोंडानं जाऊ? पण आप्पांचं मोंढ्यात हसू व्हायला नको. दोन्ही कसं जमवायचं, ते तुम्ही सांगा. एवढा इतिहास वाचलाय ना? आणि आत्ता आप्पांना काही बोलू नका. मी समोर बसून सांगीन.”

इतिहासात याचं उत्तर नव्हतं. इंग्रजांकडे फ्लेक्स नव्हते.

ती पोळ्याच्या आदल्या दिवशी आली. नाक सोललेलं, ओठ फुटलेले. चौकातून येताना तिनं रिक्षा थांबवून बोर्ड नीट बघितला, असं रिक्षावाल्यानं सगळ्यांना सांगितलं. दुपारी जेवण झाल्यावर तिनं आप्पांना सांगितलं. मला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. आप्पा झोपाळ्यावर, ती खाली सतरंजीवर, तिची आई स्वयंपाकघराच्या दारात, मी खुर्चीवर पाहुण्यासारखा.

आप्पांनी सगळं ऐकलं. झोपाळा थांबला.

“किती ऱ्हायलं होतं?”

“थोडं.”

“थोडं म्हंजे?”

“खोपीच्या वर बराच कडा आहे, आप्पा. पण एकूण डोंगराच्या मानानं थोडं.”

“मंग झालं तर!” झोपाळा परत सुरू झाला. “अगं, मोंढ्यात माल येतो. ओल असती, माती असती, काडी-कचरा असतो. आम्ही काय करतो? पोत्यामागं कडता धरतो. तेवढं वजन सोडून द्यायचं. उरलेला माल पक्का. तुज्या डोंगराला धर की थोडा कडता.”

मला हसू आवरेना. ती मात्र गंभीर होती. “कडता मालाला धरतात आप्पा. डोंगराला नाही.”

“सर, तुम्ही सांगा हिला. तुमच्या त्या पुस्तकात कोनी अर्ध्यातून आलं नव्हतं का?”

“आलं होतं की. इटलीचा वाटाड्या. दुसरे वर पोचलेले दिसले आणि तो खाली आला.”

“मग त्याचा सत्कार झाला का?”

“नाही. गावात तोंड दाखवायची चोरी झाली.”

“बगा!” आप्पांनी लेकीकडे बघून हात उडवला. मी म्हणालो, “पुढचं ऐका तरी. तो दोन-तीन दिवसांत परत गेला आणि आपल्याच बाजूनं, जास्त अवघड वाटेनं, वर पोचला.”

“पन दुसराच ना?”

“दुसराच.”

आप्पा उठले, टोपी घातली. “पावणे ठरलेत. हॉल ठरलाय. मी काय आता मोंढ्यात जाऊन सांगू, माझी पोरगी टपरीपातूर जाऊन आली म्हनून?” दारातून मागं वळून म्हणाले, “तू स्टेजवर काही बोलू नको. निस्ती बस. बाकी सर बोलतेल.”

म्हणजे माझं भाषण शाबूत होतं. मनातून मला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही.

दुसऱ्या दिवशी पोळा. आप्पांचं गाव देवणीच्या पुढं. शेती भाऊ बघतो, नांगरट ट्रॅक्टरनं होते, तरी देवणी जातीची एक बैलजोडी दावणीला आहेच. पांढरी अंगं, काळी तोंडं. कामासाठी नाही, मानासाठी. त्या गावात पोळ्याला मारुतीच्या देवळासमोर आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात आणि त्याखालून पहिली जोडी आप्पांच्या घरची जाते. मग भावकीतली दुसरी, मग गाव. या पहिलेपणावरून एकेकाळी डोकी फुटलेली आहेत. म्हणून नियम कडक आहे : मानाचा बैल आपल्या पायानं चालून तोरणाखालून गेला पाहिजे. अडला, तर त्या सालापुरता मान पुढच्या जोडीचा.

आम्ही सगळे जीपनं गेलो. बैलांच्या शिंगांना रंग, पाठीवर झुली, कपाळाला बाशिंगं. देवळाच्या पारावर डीजे लावला होता. दोन भिंती भरतील एवढे कर्णे. आप्पा धोतर नेसून, भगवा फेटा बांधून, कासरा हातात घेऊन पुढं निघाले. तोरण चार पावलांवर आलं, तशी डीजेवाल्यानं उत्साहानं आवाज वाढवला. डावा बैल थांबला. पुढचे दोन्ही पाय जमिनीत रोवले, मान खाली घातली, आणि हलेना.

“चल माझ्या राजा,” आप्पा म्हणाले. राजा ऐकेना.

कुणीतरी ओरडलं, “ओढा की आप्पा!” मग दहा जण ओरडले. आप्पांनी इकडं-तिकडं बघितलं. मागं भावकीची जोडी उभी होती, तिचा धनी मिशीतल्या मिशीत वाट बघत होता. आप्पांनी वेसणीला हात घातला आणि ओढलं. भावानं मागून शेपटी पिरगाळली. बैल घसरत, फुरफुरत तोरणाखालून गेला. हलगी वाजली, गुलाल उडाला, पोळा फुटला. कुणी चकार शब्द काढला नाही. फोटो निघाले.

नंतर पारावर पान खाताना त्या मागच्या जोडीचे धनी, आप्पांचे चुलतभाऊ, शेजारी येऊन बसले. वयानं आप्पांएवढेच. आधी पाऊसपाण्याचं बोलले. मग सहज म्हणाले, “आप्पा, बैल चालून गेला म्हनायचा, का ओढून नेला?”

आप्पा म्हणाले, “गेला ना तोरणाखालून?”

“गेला, गेला. मी कुटं न्हाई म्हनलो?” त्यांनी पानाची पिंक टाकली. “आन् फोटोत तर चालूनच गेल्यावानी दिसायलाय. फोटोला कुटं वेसण दिसती?”

ते हसत उठून गेले. आप्पा हसले नाहीत. माझ्या बाजूला बसलेली लेक मान खाली घालून नखानं पारावरचा गुलाल खरवडत होती. बोलली असती, तर बहुतेक सगळं बिघडलं असतं.

घरी पुरणपोळी झाली. आप्पांनी एकच खाल्ली, यावरून त्यांच्या वहिनी घाबरल्या. परत येताना जीपमध्ये ते पुढं ड्रायव्हरशेजारी बसले होते. उदगीरचे दिवे दिसायला लागले, तेव्हा कुणी काही विचारलेलं नसताना म्हणाले, “समद्यांनी बगितलं. कोनी बोललं न्हाई. तेनं बोललं तेच बरं झालं.”

मग ड्रायव्हरला म्हणाले, “फ्लेक्सवाल्याकडं घे.”

फ्लेक्सवाला दुकान बंद करायच्या बेतात होता. पोळा झाल्यामुळे त्याला जरा उसंत मिळाली होती. आप्पा काउंटरवर दोन्ही हात टेकून म्हणाले, “ते आमचं डिझाईन काढ. पोरीला थोडं खाली घ्यायचंय.”

“खाली म्हणजे, आप्पा? फोटो लहान करू?”

“फोटो ऱ्हाऊ दे तेवढाच. पोरीला डोंगरावरून खाली घे.”

त्या माणसाच्या सगळ्या कारकिर्दीत असं काम आलं नसावं. बोर्डावरची माणसं वर घ्या, मोठी करा, मधोमध आणा, हे तो रोज करतो. खाली घ्या असं त्याला कुणी म्हटलेलं नव्हतं. त्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

“किती खाली घेऊ?”

लेक पुढं झाली. तिनं पडद्यावरच्या डोंगराच्या धारेवरून बोट वर नेलं, एका ठिकाणी थांबवलं. “इथं. इथं एक छोटी खोपी आहे, या फोटोत दिसत नाही. तिच्या पायरीवर.”

फ्लेक्सवाल्यानं तिला उचलून तिथं आणलं. तिरंगा तेवढा शिखरावरच राहिला होता. तो तिनं काढायला लावला. मजकूर आप्पांनी तोंडी सांगितला : ‘मॅटरहॉर्नच्या धारेवरून, शिखराच्या अलीकडून, सुखरूप परत आलेली आमची लेक.’ वाघीण गेली. मी म्हणालो, “अलीकडून शब्द चांगला आहे.” आप्पा म्हणाले, “पक्क्या वजनाचा हाय.”

नवीन बोर्ड सकाळी लागला. त्यात मान्यवर पहिल्यासारखेच आकाशात होते, त्यामुळे ते आणि लेक यांच्यातलं अंतर आणखी वाढलं होतं. दहाच्या सुमाराला सर्वांत मोठ्या मान्यवरांच्या स्वीय सहायकांचा फोन आला. आप्पांनी तो स्पीकरवर टाकला.

“आप्पासाहेब, साहेब विचारतायत, मॅडम वर गेल्या नाहीत का?”

“न्हाई.”

“मग सत्कार नेमका कशाचा?”

“खाली आली त्याचा.”

साहेबांना अचानक मुंबईची बैठक निघाली. हॉलवाल्यांनीही साहेब नाहीत म्हटल्यावर एका बारशाला हॉल देऊन टाकला. सत्कार मोंढ्यातल्या लिलावाच्या शेडमध्ये झाला, पोत्यांवर बसून. मला वाटलं होतं, कुणी येणार नाही. प्रत्यक्षात हॉलमध्ये मावली नसती एवढी माणसं आली. निम्मी, आप्पांनी असं का केलं हे बघायला आली असणार. बघायला आलेली माणसंसुद्धा ऐकतात, जर ऐकण्यासारखं असेल तर.

प्रमुख वक्ता या नात्यानं मी उभा राहिलो. आप्पा माझ्या कानाशी येऊन म्हणाले, “सर, दोनच शब्द. मग पोरीला बोलू द्या.” चाळीस वर्षांचं भाषण मी दोन शब्दांत उरकलं. इटलीच्या वाटाड्याचं तेवढं सांगितलं : माघारी आला, परत गेला, पोचला, आणि पुष्कळ वर्षांनी, म्हातारपणी, त्याच डोंगरावर वादळात सापडला, तेव्हा बरोबरच्या माणसांना सुखरूप खाली आणून पायथ्याला मेला. तो दुसरा पोचला होता, हे त्या दरीत आज कुणी बोलून दाखवत नाही.

मग ती बोलली. कागद नव्हता. कडा कसा असतो, हात कसे बधिर होतात, गाईड सफरचंद कसं खात होता, सगळं सांगितलं. शेवटी सरळ म्हणाली, “मी वर गेले नाही. आधीचा बोर्ड घाईत लागला होता. पुढच्या वर्षी परत जाणार आहे.” मागून एका व्यापाऱ्यानं विचारलं, “बाई, तिकडून परत फिरताना रडू आलं का?”

“आलं,” ती म्हणाली. “पण उतरताना डोळे पुसायला हात मोकळा नसतो.”

टाळ्या तिथून सुरू झाल्या. आप्पा टाळ्या वाजवत नव्हते. हातातले सोयाबीनचे दाणे त्यांनी घट्ट मुठीत धरले होते.

शालीचा प्रश्न उरला. लेक ती घेईना. सत्कार समितीचे अध्यक्ष म्हणाले, “शाल आणलीय, ती परत नेता येत नाही. कुणाच्या तरी अंगावर पडलीच पाहिजे.” सगळ्यांनी आजूबाजूला बघितलं आणि ती माझ्या खांद्यावर आली. ज्या डोंगराच्या पायथ्यालाही मी कधी गेलो नाही, त्यासाठी माझा जाहीर नागरी सत्कार झाला. घरी गेल्यावर बायकोनं शालीचा पोत बघितला आणि म्हणाली, “शोभते तुम्हाला. उन्हाळ्यात आणखी शोभेल.”

पहिला बोर्ड आप्पांनी फेकला नाही. गावी कडब्याच्या गंजीवर पावसापासून आडोसा म्हणून टाकला, मजकूर खालच्या बाजूला करून.

ती परत निघाली, तेव्हा हैदराबादच्या गाडीला सोडायला मी आणि आप्पा उदगीर स्टेशनवर गेलो. गाडी यायला वेळ होता. आप्पांनी रुळांकडे बघत, व्यवहाराचं विचारावं तसं विचारलं, “पुढच्या साली बोर्ड कधी लावायचा? वर पोचलीस की फोन कर. लगेच लावतो.”

“वर पोचल्यावर नाही, आप्पा. खाली आल्यावर.”

“खाली आल्यावर?”

“सरांना विचारा. ते सातही जण वर पोचले होते.”

आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, “चार उतरताना गेले.” ते त्यांना बहुतेक आत्ताच पहिल्यांदा नीट ऐकू आलं. मी त्या दिवशी झोपाळ्यासमोर दोराचं काहीच सांगितलं नव्हतं. आप्पांनी फक्त सत्काराचं विचारलं होतं. ते एकदम लेकीच्या फुटलेल्या ओठांकडे, सोललेल्या नाकाकडे बघत राहिले. मग तिच्या पाठीवरची भली मोठी पिशवी त्यांनी ओढून स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि गाडी येईपर्यंत खाली ठेवली नाही.

गाडी गेल्यावर आम्ही परत चौकातून आलो. फ्लेक्सवाला दुकानाच्या दारात चहा पीत उभा होता. आप्पांनी त्याला रस्त्याच्या पलीकडूनच हाक मारली.

“ए, ते डिझाईन पुसू नको बरं का. पुढच्या साली लागंल.”

“तसंच छापायचं, आप्पा?”

“तसंच. पोरगी फक्त वर-खाली करायची,” आप्पा म्हणाले. “पन ती घरी आल्यावर. तोवर छापलास, तर बग.”